दर उन्हाळ्यात ऑर्किडची पानं टोकाकडून काळी पडतात? आधी खताची पुडी बाजूला ठेवा

आधी लक्षणं सांगते, ती जुळली तरच पुढचं तुमच्या कामाचं. जुन्या पानांची टोकं करपल्यासारखी तपकिरी-काळी होतात. काळा भाग कोरडा, बोटाने दाबला तर कुरकुरीत लागतो. काळ्या आणि हिरव्याच्या मध्ये एक बारीक पिवळी रेघ असते. मुळांची टोकं एरवी हिरवी किंवा जांभळट आणि चकचकीत असतात, ती काळी पडून वाढायची थांबलेली. मातीच्या कुंडीच्या काठावर आणि आतल्या कोळशाच्या तुकड्यांवर पांढरा थर. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे हे फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं, मेमध्ये फार वाढतं, जुलैत आपोआप थांबतं, झाड सावरतं, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सलग तीन वर्षं झालं. पुण्याच्या पूर्वेकडची आमची सोसायटी, नळाला एरवी बोअरचं पाणी आणि मार्च उजाडला की टँकरचं. पूर्वेच्या गॅलरीत अकरा ऑर्किड होती: सहा डेंड्रोबियम, तीन फॅलेनॉप्सिस, एक व्हँडा आणि एक ऑन्सिडियम. पहिल्या वर्षी टोकं काळी पडली तेव्हा नर्सरीतल्या दादांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "ताई, खत कमी पडतंय. एकोणीस-एकोणीस चालू करा, दर आठवड्याला." (म्हणजे १९:१९:१९ हे विद्राव्य खत: नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी एकोणीस टक्के.) केलं. टोकं आणखी काळी पडली. दुसऱ्या वर्षी बुरशी असेल म्हणून बुरशीनाशक फवारलं. तिसऱ्या वर्षी वैतागून दिवाळीआधी सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या, जुना कोळसा आणि नारळाची सोडणं फेकून नवीन भरली. तो हिवाळा मस्त गेला, चार झाडांना तुरे आले, मला वाटलं सुटले एकदाची. मार्चमध्ये परत काळी टोकं.

दरवर्षी पावसाळ्यात झाडं बरी व्हायची आणि त्याचं श्रेय मी जूनमध्ये जे काही केलं असेल त्याला द्यायचे. एका वर्षी तर ते दालचिनीच्या पुडीला दिलं होतं. खरं काम पाऊस करत होता, हे डोक्यात यायला तीन वर्षं लागली.

तेही आलं मामाच्या घरी, रत्नागिरीजवळ. परसातल्या जुन्या आंब्यावर सीतेची वेणी आहे, मे संपताना हातभर लांबीचे गुलाबी-पांढरे तुरे खाली लोंबतात. ही आपल्या सह्याद्रीतली आणि कोकणातली अस्सल आमरी, म्हणजे ऑर्किडच. मामा तिला पाणीसुद्धा घालत नाही. "खत काय घालतोस?" असं विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. खोडाची साल, तिच्यावरून ओघळणारा पाऊस, त्या पावसासोबत येणारी धूळ, पाखरांची शीट, खाचेत अडकून कुजणारं पान, एवढीच तिची शिदोरी. म्हणजे अन्न मिळतं, पण अगदी पातळ, आणि लगेच पुढचा पाऊस येऊन उरलंसुरलं धुवून नेतो. माझ्या गॅलरीतल्या झाडांना यातली दुसरी गोष्ट कधीच मिळत नव्हती.

नेमकं काय होतं

पाणी उडून जातं, त्यात विरघळलेलं मीठ उडत नाही. इथे मीठ म्हणजे स्वयंपाकातलं नव्हे. खतातले क्षार आणि बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार, सगळे त्यात आले. मार्चमध्ये पुण्याची हवा कोरडी होते, कुंडी दिवसभरात सुकते, आपण पुन्हा पाणी घालतो, पुन्हा ते उडतं. दर खेपेला थोडे क्षार मागे राहतात. सोडणं आणि विटांचे तुकडे ते शोषून धरतात, मातीची कुंडी तर अंगावरच मिरवते.

ऑर्किडच्या मुळावर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. कोरडं असताना रुपेरी दिसतं, पाणी लागलं की काही सेकंदांत हिरवट होतं. ते मेलेल्या, पोकळ पेशींचं असतं आणि जे ओलं लागेल ते क्षणात ओढून घेतं. पहिल्या पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय कुंडीत खारट पाणी असलं की उलटते. मुळाभोवतीचं पाणी जितकं खारट, तितकं ते आत ओढायला झाडाला जड जातं. मग ओल्या कुंडीत बसून झाड तहानलेलं राहतं. जे पाणी वर चढतं ते पानाच्या टोकापर्यंत जातं, तिथून उडतं, आणि क्षार टोकालाच साठतात. म्हणून करपतं ते टोक.

आणि यातली गंमत म्हणजे अशी झाडं हुबेहूब उपाशी दिसतात. पानं सुरकुतलेली, वाढ थांबलेली, रंग फिका. बघणारा प्रत्येक माणूस खत घालायला सांगतो.

खात्री कशी करायची

पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, मोजायचं पेनासारखं मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, आरओवाल्याकडे असतंच. कुंडीला नेहमीसारखं पाणी घालायचं, पण खत न टाकता. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग आणखी पेलाभर पाणी ओतायचं आणि खालून जे निथळेल ते ताटलीत घ्यायचं. घातलेलं पाणी मोजा, निथळलेलं मोजा.

माझ्या पहिल्या कुंडीचे आकडे वहीत आहेत. घातलेलं पाणी ६४०, निथळलेलं २,१५०. मला वाटलं मीटर बिघडलं. दुसऱ्या कुंडीतून १,९००. व्हँडाला कुंडीच नसते, ती लाकडी टोपलीत मुळं सोडून लटकते. तिच्या मुळांवरून ओघळलेलं पाणी होतं ७१०, आणि सगळ्या गॅलरीत एकट्या व्हँडाचीच टोकं धड होती! हे मी तीन वर्षं बघत होते आणि "व्हँडा काटक असते" म्हणून सोडून देत होते.

तेव्हापासून माझा साधा हिशोब असा: निथळलेल्या पाण्याचा आकडा घातलेल्या पाण्याच्या दुपटीवर गेला की खत बंद आणि धुलाई चालू.

एक मेख आहे. मीटर विजेच्या वहनावरून अंदाज बांधतं आणि युरियातून वीज वाहत नाही. बाजारातल्या साध्या १९:१९:१९ मध्ये निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. त्यामुळे खताच्या पाण्यात मीटर बुडवून आकडा कमी आला म्हणून खूश होऊ नका. खत मीटरने मोजायचं नाही, वजनाने मोजायचं.

मीटर नसेल तर कोळशाचा एक तुकडा बाहेर काढून उन्हात वाळवा. सुकल्यावर पांढरी पूड दिसली तर तेवढा पुरावा पुष्कळ.

पाणी, ज्याचा कुणी विचार करत नाही

घरात आरओ आहे आणि त्याचं टाकाऊ पाणी बादलीत धरून झाडांना घालताय? तर निम्मा गुन्हेगार सापडला. पाणी वाया घालवायचं नाही हा संस्कार चांगला, मीही तेच करत होते, पण आरओ नेमकं काय करतो ते बघा. पाण्यातले क्षार काढून तो आपल्याला गोड पाणी देतो आणि काढलेले क्षार टाकाऊ पाण्यात सोडतो. आमच्याकडे बोअरचं पाणी ६४०, प्यायचं ४५, टाकाऊ ९३० च्या आसपास. एप्रिलमधल्या टँकरला बोअर-टँकर मिळून ११५० भरले, तेव्हा टाकाऊ पाणी सतराशेला टेकलं. मी ऑर्किडला रोज हेच पाजत होते, वर आठवड्याला खत. जास्वंद, कडुलिंब, गवती चहा हे पाणी बऱ्यापैकी चालवून घेतात, मातीत मुळं असतात त्यांची. फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. ऑर्किडला एक थेंबही नको.

मग घालायचं काय? एसीतून गळणारं पाणी. हवेतली वाफ गार होऊन पडलेलं, जवळपास क्षारमुक्त. माझ्याकडे २० भरतं. सर्व्हिसिंगनंतर पहिले दोन-तीन दिवसांचं पाणी मात्र सोडून द्यायचं, त्यात धुलाईचं रसायन असतं. मी एक भाग बोअरचं आणि तीन भाग एसीचं मिसळते, मीटर १७५ दाखवतं. बोअरचा तो एक भाग मुद्दाम ठेवते, कारण आपल्या काळ्या दगडातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं आणि झाडाला तेही लागतं. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी मिळालं तर प्रश्नच नाही. एसी नसेल तर आरओचं प्यायचं पाणी त्याच प्रमाणात. अकरा झाडांना आठवड्याला लागतंच किती?

चमचा

आता दुसरा अर्धा गुन्हेगार. कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या विद्राव्य खताच्या पुडीवर फवारणीचं जे प्रमाण असतं ते शेतातल्या पिकांसाठी असतं. माझ्या पुडीवर लिटरला पाच ग्रॅम होतं. वजनकाटा नव्हता, म्हणून चहाचा चमचा. नंतर सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा आणला आणि माझा तो नेहमीचा शिगोशीग चमचा मोजला तर आठ ग्रॅम. तो जात होता दीड लिटरच्या झारीत. म्हणजे लिटरला पाच ग्रॅमच्याही वर.

१९:१९:१९ एक ग्रॅम लिटरभर पाण्यात टाकलं की १९० मिलिग्रॅम नायट्रोजन होतो. माझ्या झारीत लिटरला हजारभर मिलिग्रॅम चालला होता. व्यावसायिक हरितगृहात, जिथे ऊन, वारा, दमटपणा सगळं हिशोबात असतं, तिथे फॅलेनॉप्सिसला लिटरला १०० ते २०० मिलिग्रॅम नायट्रोजन देतात. घरच्या कमी उजेडात शंभरच्या खालीच राहावं. म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. मी दहापट घालत होते.

अर्धा ग्रॅम रोज मोजणं कुणालाच जमत नाही. म्हणून असं करा: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम १९:१९:१९ विरघळवून बाटली भरून ठेवा. हे विरजण समजा. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते १० मिलीचं टोपण घ्या. एका टोपणात बरोबर अर्धा ग्रॅम. एक लिटर पाण्याला एक टोपण, पाच लिटरच्या झारीला पाच. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, अंधारात ठेवा, आणि फ्रीजमध्ये किंवा मुलांच्या हाताशी मुळीच नको. रंगीत सरबतासारखी दिसते. महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच करा.

खत घालताना मुळं आधी साध्या पाण्याने ओली करायची, पाच मिनिटांनी खताचं पाणी. कोरडं वेलामेन पहिला घोट अधाशासारखा ओढतं, तो घोट साधा असलेला बरा.

धुलाई

हे नीट करा, बाकी सगळं जुजबी झालं तरी चालेल. सकाळी करा, दिवसभरात पानं आणि शेंडा वाळायला हवा.

कुंडी मोरीत किंवा न्हाणीघरात न्या. सहा इंची कुंडीत दीड-दोन लिटर मावतं असं धरा, तर चार लिटर कमी क्षाराचं पाणी हवं. ते भसकन ओतायचं नाही. झारीने गोल फिरवत, सगळ्या बाजूंनी, तीन-चार मिनिटं लावून. पहिलं निथळलेलं पाणी माझ्याकडे फिक्या चहाच्या रंगाचं होतं. मग वीस मिनिटं तशीच ठेवायची. हा थांबा महत्त्वाचा. सोडणांच्या आत मुरलेले क्षार बाहेरच्या गोड पाण्यात यायला वेळ लागतो. वीस मिनिटांनी परत चार लिटर. माझ्या २,१५० वाल्या कुंडीचं पहिल्या फेरीनंतर १,२०० झालं, दुसरीनंतर ६८०. तिसरी फेरी त्याच दिवशी न करता आठवड्याने केली, तेव्हा ३५० वर आलं. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यात पाणी साचलं असेल तर कागदाच्या तुकड्याने टिपून घ्या, नाहीतर रात्रीतून शेंडा सडतो आणि मग सगळंच मुसळ केरात.

मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी एक फेरी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा. पावसात भिजणाऱ्या कुंड्यांना जून ते सप्टेंबर काही करायचं नाही. कुंडीखाली ताटली असेल तर निथळलेलं पाणी लगेच ओता. ते तसंच ठेवलं तर कुंडी संध्याकाळपर्यंत परत पिऊन टाकते.

नवीन भरण करताना सोडणांबद्दल एक: किनाऱ्याकडची नारळाची सोडणं मुळातच खारट असतात, पोटॅशियम आणि सोडियम दोन्ही. तुकडे करून बादलीत भिजत घाला, दर दिवशी पाणी बदला, निथळलेलं पाणी नळाच्या आकड्याजवळ येईपर्यंत. मला सहा दिवस लागले. मामाने प्रेमाने पाठवलेलं पोतं मी आल्या आल्या कुंड्यांत भरलं होतं, त्यामुळे झाडांनी नव्या घरात पाऊल टाकलं तेच मिठागरात.

हे नसेल तर

काळं टोक नवीन पानाला, कोवळ्या कोंबाला येत असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या ठाण्याच्या नणंदेचं असंच झालं. तिच्याकडे धरणाचं मऊ पाणी, मीटर ६० दाखवतं. माझं ऐकून तिने बिचारीने धुलाई केली, आणि नव्या कोंबांची टोकं आणखीच काळी, मऊ पडली. तिला कॅल्शियम कमी पडत होतं. कॅल्शियम जुन्या पानातून नव्याकडे सरकत नाही, त्यामुळे तुटवडा कोवळ्या भागात आधी दिसतो. आणि १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम नावालाही नाही. तिने कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, एक आठवडा हे, एक आठवडा १९:१९:१९, असं सुरू केलं आणि दोन महिन्यांनी आलेला कोंब स्वच्छ निघाला.

दोन्ही एकाच बाटलीत करून ठेवायचा मोह आवरा. मी केलं होतं. दाट खताच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेटचं पाणी ओतलं आणि डोळ्यांसमोर सगळं ताकासारखं पांढरं झालं, तासाभरात तळाला साका. कॅल्शियम आणि फॉस्फेटची गाठ पडली की न विरघळणारा क्षार होतो, झाडाला दोन्ही मिळत नाही. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटही या दाट कॅल्शियममध्ये नको.

जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमची शंका घ्या. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम एप्सम सॉल्ट महिन्यातून एकदा. पानाच्या मधोमध पांढरा-तपकिरी डाग, तो उन्हाचा चटका. डाग ओला, दाबला तर मऊ, वास येतो, आणि सकाळचा नखाएवढा संध्याकाळी रुपयाएवढा झाला, तर तो जिवाणूंचा कुजवा; खतपाणी विसरा, निरोगी भागापर्यंत कापा आणि झाड वेगळं ठेवा. फॅलेनॉप्सिसचं सगळ्यात खालचं पान वर्षाला एखादं-दुसरं पिवळं पडून गळतं, ते म्हातारपण. डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्या निष्पर्ण होतात म्हणून कापू नका, त्यात साठा असतो आणि कधी कधी त्याच कांडीवर पुन्हा तुरा येतो.

घरगुती खतांचं विचारणारे हमखास भेटतात. केळीच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण, ताक, चहाचा चोथा, शेणाची राबडी. मातीतल्या झाडांना यातलं बरंच काही चालतं, कारण माती कुजवते आणि मग देते. ऑर्किडच्या कुंडीत माती नाही. तिथे ताक आंबतं, चोथा मुळांना चिकटून बसतो, धुवणाने चिलटं होतात आणि सोडणं लवकर कुजून हवा खेळेनाशी होते. ऑर्किडचं मूळ हवेवर जगतं. कुणाकडे शेणाच्या अगदी पातळ, गाळलेल्या पाण्यावर झाडं छान आहेत, मी पाहिलीत, पण ती उघड्या टोपलीत आणि रोजच्या पावसात होती. गॅलरीत मी करणार नाही.

हळू विरघळणारे दाणे उन्हाळ्यात घालू नका. पाकिटावर लिहिलेले महिने साधारण २१ अंशांच्या हिशोबाने असतात. चाळीस अंशांत ते आपला ऐवज घाईघाईने सोडून मोकळे होतात.

"मग फुलं कशी येणार?"

हा प्रश्न येतोच, कारण नायट्रोजन कमी केला की पुढची पुडी ०:५२:३४ ची आणली जाते. फुलांसाठी स्फुरद वाढवायचं, असं सगळे सांगतात. फॅलेनॉप्सिसचा तुरा पुडीने येत नाही, गारव्याने येतो. तापमान २८ अंशांच्या वर राहिलं तर दांडा फुटत नाही. काही आठवडे दिवस पंचविशीत आणि रात्र आणखी गार असली की फुटतो. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हे फुकट मिळतं, खिडकी रात्री उघडी ठेवा म्हणजे झालं. डेंड्रोबियम फुलत नसेल तर आधी पानाचा रंग बघा. गर्द, काळपट हिरवा रंग दिसायला देखणा, पण त्याचा अर्थ उजेड कमी. पोपटीकडे झुकणारा हिरवा हवा. आणि तुऱ्याच्या जागी डोळ्यातून छोटं पिल्लू फुटत असेल तर नायट्रोजन जास्त झालाय किंवा मुळं खराब झालीत.

माझ्याकडे ०:५२:३४ ची अर्धी पुडी अजून पडून आहे. टोमॅटोला घालीन कधीतरी.

सध्या वर्षाचं वेळापत्रक असं चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर दर आठवड्याला अर्धा ग्रॅम, हा वाढीचा आणि उन्हाचा चांगला काळ. डिसेंबर-जानेवारीत डेंड्रोबियम सुस्तावतात, त्यांना तीन आठवड्यांनी. फॅलेनॉप्सिसचा दांडा निघत असतो, त्याला दहा दिवसांनी. मार्च ते मे पंधरा दिवसांनी एकदा, तेही आदल्या दिवशी धुलाई करून. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पंधरवड्याने, झड लागली असेल तर नाही. तीन-चार दिवस नुसतं अंधारून असताना घातलेलं खत झाड वापरत नाही.

ऑन्सिडियम वाचलं नाही. बारीक, दोऱ्यासारखी मुळं, सगळ्यात आधी तीच जळाली. कुंडी उलटी केली तर मुळांच्या जागी तपकिरी सुतळी हाती आली. असं झालेलं झाड कुणाकडे असेल तर मेलेली मुळं कापून टाका, सावलीत ठेवा, थोड्या ओल्या मॉसवर (शेवाळावर) बसवा आणि नवी मुळं दोन-तीन सेंटिमीटर होईपर्यंत फक्त पाणी. मी त्याला त्या अवस्थेत "ताकद यावी" म्हणून खत दिलं होतं.

काळी झालेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत. डोळ्यांना खुपत असतील तर कात्री गॅसवर तापवून, गार करून, काळ्या भागातूनच कापा, हिरव्यात शिरू नका. दुसऱ्या झाडाला हात लावण्याआधी कात्री परत तापवा.